झाडूवरची टपालवाली

टीका करण्याचा अधिकार कोणाला असतो, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की ज्याला ती गोष्ट स्वतःला करता येते त्यानेच तिच्यावर टीका करावी. मी तिच्या पिठल्याबद्दल काही बोलू नये, एवढाच या नियमाचा उद्देश आहे. पण आज मी ज्या सिनेमाबद्दल लिहायला बसलोय, त्यावर बोलायचा अधिकार मला तिच्या नियमानेसुद्धा आहे. सिनेमा आहे एका तेरा वर्षांच्या मुलीचा. ती घरोघर पार्सलं पोचवते. आणि मी चाळीस वर्षं टपालात काढली आहेत. ती झाडूवर बसून उडते आणि मी रेल्वेच्या मेल व्हॅनमध्ये उभा असायचो, एवढाच काय तो फरक. तिला बसायला तरी मिळायचं.

सिनेमाचं नाव ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’. १९८९ सालचा, जपानी, कार्टूनचा. कार्टून म्हटल्यावर आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर उंदीर आणि मांजर येतात आणि मांजराच्या डोक्यात हातोडा बसतो. इथेही मांजर आहे, पण ते शहाणं आहे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. मूळ पुस्तक एइको कादोनो या बाईंचं, १९८५ सालचं. या बाईंना पुढे २०१८ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. बालसाहित्यात त्याच्यावर पुरस्कार नाही असं म्हणतात. त्यांच्या लहान मुलीने एकदा चेटकिणीचं चित्र काढलं होतं, रेडिओ ऐकत उडणाऱ्या चेटकिणीचं, त्यावरून त्यांना ही गोष्ट सुचली. आमच्या मुलाने लहानपणी माझ्या रेल्वे पासवर चित्र काढलं होतं. त्यावरून मला टीसीने काय काय सुचवलं ते वेगळं.

घरात हा सिनेमा आला तो चिऊमुळे. चिऊ म्हणजे आमची नात. तिलाही नुकतंच तेरावं सरलं. ही पोरगी हातात पेन्सिल धरता येत नव्हती तेव्हापासून चित्रं काढायची. भिंतीवर, विजेच्या बिलाच्या पाठीवर, माझ्या पेन्शनच्या कागदांवर. बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो तेव्हा त्याच्या मागे मी स्वतः होतो, दोन शिंगांसह. मग ती एलिमेंटरीच्या परीक्षेला बसली आणि तिला ‘ए’ ग्रेड मिळाली. झालं! सूनबाईंनी पेढे वाटले, क्लास लावला, तीन स्पर्धांत नाव घातलं. आणि चार महिन्यांत चिऊने चित्र काढणं बंद केलं. ‘का गं?’ म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आजोबा, येत नाही.’ ‘नको’ म्हणाली असती तर आम्ही समजूत घातली असती, लाच दिली असती. ‘येत नाही’ याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चिरंजीवांनी जलरंगांची महागडी पेटी आणली. सूनबाईंनी क्लास बदलला. सौ.ने दृष्ट काढली. पेटीला अजून पाणी लागलेलं नाही.

अशात एका रविवारी दुपारी चिऊने हा सिनेमा लावला आणि मी वामकुक्षीसाठी त्याच खोलीत आलो. पहिल्या पाच मिनिटांतच अडचण उभी राहिली. मी विचारलं, ही कोण? चिऊ म्हणाली, ‘विच.’ म्हणजे चेटकीण! आता आपल्या मराठीत चेटकीण म्हणजे काय, हे मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीने आणि दिलीप प्रभावळकरांनी कायमचं ठरवून टाकलंय. लांब नाक, वाकडा आवाज, पोरांनी खुर्चीखाली लपावं. बाकी आपल्याकडे हडळ आहे, डाकीण आहे, लावसट आहे. सगळ्या उलट्या पायांच्या. गुणी, नीटनेटकी, आईवडिलांना पत्र पाठवणारी चेटकीण बसवायला आपल्या भाषेत पाटच नाही. आणि यात हसण्यासारखं फार नाही हेही खरं. अमकीने करणी केली म्हणून खरोखरच्या बायांना गावाने मारल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि त्यासाठी २०१३ साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. तेव्हा चिऊला मी म्हटलं, हिला आपण चेटकीण म्हणायला नको, किकीच म्हणू. चिऊ म्हणाली, ‘आजोबा, झोपायचं असेल तर झोपा.’

मी झोपलो नाही. कारण ती मुलगी गवतात पडून रेडिओवर हवामान ऐकते आणि एकदम उठून घरी सांगते, आज रात्री निघते! त्यांच्यात तशी रीतच आहे. तेराव्या वर्षी मुलीने घर सोडायचं, जिथे दुसरी चेटकीण नाही असं गाव शोधायचं आणि वर्षभर आपल्या विद्येवर पोट भरायचं. निघायची रात्र पौर्णिमेची. (इथेही आमचा गोंधळ, आपल्याकडे हा सगळा कारभार अमावास्येचा.) किकीला विद्या किती येते? फक्त उडता येतं. तेही धड नाही. आई औषधं करते, पण त्यातलं हिने काही शिकून घेतलेलं नाही. उडाली की झाडांवर आपटते, म्हणून झाडांना घंटा बांधल्या आहेत. ती निघून जाते तेव्हा गावातले म्हातारे म्हणतात, आता त्या घंटा ऐकू येणार नाहीत. मुलगी चुकत होती त्याचाच आवाज गावाला आवडत होता. माझी झोप इथे उडाली.

पोरांच्या अद्भुत गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. आधी मुलासाठी, मग नातीसाठी आणि मधल्या काळात कोणी बघत नसताना. त्यांचा एक साचा असतो. मुलाला किंवा मुलीला आपल्यात शक्ती आहे असं कळतं, एक पांढऱ्या दाढीचा गुरू भेटतो, एक काळ्या कपड्यातला दुष्ट भेटतो आणि शेवटी जग वाचतं. या सिनेमात काळे कपडे घालते ती नायिकाच, आणि तेही नाइलाजाने. तिला दुसऱ्या रंगाचा झगा हवा होता. दुष्ट कोणी नाहीच. पूर्ण सिनेमात खलनायक म्हणावा असा माणूस मी शोधला, तर मिळाला तो एक वाहतुकीचा पोलीस, आणि त्याचंही चुकलं नव्हतं. भर रस्त्यात गाड्यांमधून झाडू चालवल्यावर तो काय ओवाळणार? पुढे हॉटेलात खोली मागायला गेली तर मोठं माणूस बरोबर नाही म्हणून नकार. जग वाचवायचं बाजूलाच, पहिला प्रश्न रात्री झोपायचं कुठे. नोकरीनिमित्त जे कोणी परगावी गेलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग तिला भेटते बेकरीवाली ओसोनो. पोटुशी बाई, कामाने वाकलेली, पण मनाने ऐसपैस. गिऱ्हाईक तान्ह्या बाळाची चोखणी विसरून गेलेलं असतं, ती किकी उडत जाऊन देऊन येते. तिथून धंदा सुरू. माळ्यावरची पिठाने भरलेली खोली, सोबतीला काळा बोका. बोक्याचं नाव जीजी. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी ‘जी जी’ करतात तसाच हा तिच्या मागे मागे असतो, फक्त हा होकार कमी आणि टोमणे जास्त देतो. बोक्याचं बोलणं फक्त तिला कळतं.

आता व्यावसायिक टीका. किकीची पहिलीच मोठी फेरी खात्याच्या दृष्टीने भयंकर आहे. पिंजऱ्यात ठेवलेलं कापडी मांजर एका मुलाच्या वाढदिवसाला पोचवायचं असतं. वाटेत वाऱ्याने झोकांडी खाल्ली आणि वस्तू जंगलात पडली. कावळे मागे लागले. वेळ गाठायची म्हणून हिने काय केलं, तर जीजीलाच खेळणं म्हणून पिंजऱ्यात बसवलं आणि तो डाग देऊन टाकला! मूळ वस्तू गहाळ, तिच्या जागी जिवंत प्राणी, आणि पोचपावतीचा पत्ता नाही. आमच्याकडे यावर तीन वेगवेगळ्या चौकश्या बसल्या असत्या. पण बोका श्वास रोखून बसतो, घरचा म्हातारा कुत्रा त्याला ओळखतो आणि मुकाट्याने पोटाशी घेऊन वाचवतो, तेव्हा मी चौकशी मागे घेतली.

दुसरी फेरी मात्र मला हसता हसता कुठेतरी लागली. एक आजीबाई नातीच्या वाढदिवसाला माशाचा आणि भोपळ्याचा पाय करून पाठवणार असतात. पाय म्हणजे आपली खमंग कानवल्याची मावशी समजा. विजेची भट्टी बिघडते. किकी म्हणते, जुनी लाकडांची भट्टी आहे ना, ती मला येते. खपून दोघी तो पदार्थ करतात. बाहेर पाऊस. किकी ओलीचिंब होऊन वेळेत पोचते, आणि दारात ती नात नाक मुरडते. आजीचा हा पदार्थ तिला आवडत नाही. सही होते, दार बंद होतं.

दिवाळीच्या आधी मेल व्हॅनमध्ये फराळाची पार्सलं यायची. कापडात शिवलेली, वर लाखेचं सील, शाईच्या पेन्सिलीने थरथरत्या अक्षरात पत्ता, आणि कापडातून बाहेर आलेलं तूप. वासावरून आम्ही सांगायचो, बेसन आहे की रवा. ते शिवण बघितलं की कळायचं, डोळ्याला दिसत नसताना शिवलंय. पुढे ते कुठल्या दारात गेलं आणि तिथे त्याचं काय झालं, हे आम्हाला कधी कळायचं नाही. ‘परत लाडूच पाठवले वाटतं’ असं म्हणून कोणी ते बाजूला ठेवलं असेल, हे चाळीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही, आणि या जपानी माणसाने ते मला अर्ध्या मिनिटात दाखवलं. तो त्या नातीला शिक्षा करत नाही. तिला पुढे पश्चात्ताप होत नाही. किकीही आजीला जाऊन काही सांगत नाही. आपल्याकडच्या बालनाट्यात ती नात पुढच्या प्रवेशात रडत आली असती आणि मागे व्हायोलिन वाजलं असतं.

याच्यानंतर किकीला ताप येतो, मन उतरतं, टोंबोवर ती रुसते. टोंबो म्हणजे चष्मेवाला, विमानांचं वेड असलेला एक पोरगा. जपानीत टोंबो म्हणजे चतुर, तो उडणारा किडा. पण आपल्या कानाला तो ठोंब्याच वाटतो आणि वागतोही तसाच. त्याच्या मैत्रिणी मोटारीतून येतात, चांगल्या कपड्यात, आणि ही काळ्या झग्यात. त्या रात्री जीजी काहीतरी बोलतो आणि तिला नुसतं ‘म्याव’ ऐकू येतं. झाडू उचलते तर झाडू जड. उडता येत नाही.

का? सिनेमा कारण सांगत नाही. तापाने? रागाने? उडण्याचे पैसे घ्यायला लागली म्हणून? मी विचार करत होतो, तर शेजारी चिऊ पाय पोटाशी घेऊन बसली होती. पडद्याकडे बघत ती हळूच म्हणाली, ‘तिला आता येत नाही.’

इथे मला माझी गोष्ट सांगितलीच पाहिजे, सौ. म्हणते तशी शंभराव्यांदा.

मी १९७० साली टपालात लागलो तेव्हा पिन कोड नव्हता. पत्त्यावर गावाचं नाव असायचं, आणि महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे ब्रह्मदेवालासुद्धा यादी काढून बघावं लागेल. धावत्या गाडीत, रात्री, समोर खणांचं मोठं कपाट, आणि हातातलं पत्र त्या त्या खणात टाकायचं. पुढे श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन कोडची व्यवस्था केली. १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी नंबर आला. वेलणकर संस्कृतचे मोठे लेखक, आणि देशाला वळण लावलं ते आकड्यांनी. पण लोक पिन कोड लिहायला लागेपर्यंत बरीच वर्षं गेली आणि तोवर आमचं पाठांतर हाच पिन कोड. मला ते यायचं. नुसतं यायचं नाही, मी खणांकडे न बघता टाकायचो. पत्र हातात आलं की ते आपलं गाव सांगायचं आणि हात जायचा.

१९७८ च्या पावसाळ्यात एका नव्या पोराने बिचाऱ्याने कौतुकाने विचारलं, ‘साहेब, तुम्ही न बघता कसं टाकता?’ मी म्हटलं, सांगतो. आणि मीच बघायला लागलो, कसं टाकतो ते. हात तिथेच थांबला. त्या रात्री पिंपळगाव बसवंतची पत्रं जळगावकडे गेली. दुसऱ्या रात्री तेच. गाव आठवायचं, खण आठवायचा, पण हाताला कळेना. अकरा दिवस. आमच्या गाडीत एक वयस्कर सहकारी होते, त्यांनी मला ना रागावलं, ना धीर दिला. म्हणाले, ‘तू पिशव्या उचल. कपाटाकडे बघू नकोस.’ मी पिशव्या उचलल्या. बाराव्या रात्री कुठल्याशा स्टेशनाबाहेर गाडीने धक्का दिला, कोणाच्या तरी हातातून पाचपंचवीस पत्रं उडाली, मी ती झेलली आणि खणांत टाकून मोकळा झालो. मग लक्षात आलं.

किकीलाही हेच सांगणारी एक जण भेटते. उर्सुला, जंगलात एकटी राहून चित्रं काढणारी मुलगी. तिचंही चित्र मधे एकदा थांबलेलं असतं. तिचा सल्ला आमच्या सहकाऱ्यांसारखाच आहे: धडपड कर, नाही जमलं तर थांब, हिंड, झोप काढ. पांढऱ्या दाढीचा गुरू कुठेच नाही. बेकरीवाली, चित्रकारीण, आजीबाई. ज्या त्या आपापल्या कामात आहेत आणि काम करता करता हिला शिकवतात. बाईमाणसांनी एका मुलीला वाढवण्याचा इतका निवांत सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता जिथे माझं आणि सिनेमाचं पटलं नाही ते सांगतो. शेवट. एक प्रचंड हवाई जहाज वादळात सापडतं, टोंबो त्याच्या दोराला लोंबकळतो, गाव गोळा होतं आणि किकी रस्ता झाडणाऱ्या माणसाचा ब्रश उसना घेऊन उडते. ब्रश उसना घेणं मला आवडलं. तो घोडा बिथरावा तसा बिथरतो तेही छान. पण एवढं मोठं जहाज कशाला? पावणेदोन तास ज्याने एका चोखणीवर आणि एका पायवर आम्हाला धरून ठेवलं, त्याला शेवटी गर्दी जमवावीशी का वाटली? पुस्तकात हे जहाज नाही. सूनबाईंनी इंग्रजी भाषांतर मागवलं ते मी वाचलं. तिथे किकीच्या छोट्या छोट्या फेऱ्या आहेत, एकामागून एक. वर्ष संपतं आणि ती घरी जाऊन येते. पुढच्या भागांत ती मोठी होते, ठोंब्याशी लग्न करते आणि तिला जुळी होतात. (सौ. म्हणाली, ‘बघा, सगळ्यांचं शेवटी हेच.’) उडणं जायचा प्रसंग मात्र सिनेमाने जो वाढवलाय तो पुस्तकाहून मोलाचा आहे, तेव्हा जहाज त्याच्या खात्यावर वजा करून मी हिशेब मिटवला. चिऊला जहाजच सगळ्यात आवडलं. तिचं म्हणणं, मला उंचीची भीती वाटते म्हणून मी असं बोलतो.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही सोडणार नाही. उडणं परत येतं, पण जीजी परत बोलत नाही. खांद्यावर येऊन बसतो आणि म्याव म्हणतो. मूळ सिनेमात एवढंच. १९९८ साली याची इंग्रजी आवृत्ती निघाली तेव्हा तिथल्या शहाण्यांनी शेवटी बोक्याच्या तोंडी वाक्य घातलं. पोरांना वाईट वाटू नये म्हणून असेल. पुढच्या आवृत्तीत ते काढलं, ही देवाची कृपा. कारण माझा हात बाराव्या रात्री परत आला, नंतर बत्तीस वर्षं चालला, चूक झाली नाही. पण पत्रं बोलायची ती बंद झाली ती झालीच. आधी ती सांगायची, नंतर मी त्यांना विचारून टाकायला लागलो. काम तेच, पगार तोच, कोणाला फरक कळला नाही. तो बोका गप्प का, हे मला कोणी समजावून सांगू नये.

जाता जाता एक गंमत. सिनेमाचं जपानी नाव आहे ‘माजो नो ताक्क्यूबिन’. हा ‘ताक्क्यूबिन’ शब्द यामातो नावाच्या जपानी कुरिअर कंपनीचा ट्रेडमार्क, आणि त्या कंपनीचं चिन्ह पिल्लाला तोंडात धरलेली काळी मांजर! कंपनीने पुढे सिनेमाला पैसेही दिले. चाळीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाने एका कुरिअरची स्तुती लिहावी, हा या लेखातला खरा चमत्कार.

परवा चिऊने सिनेमा तिसऱ्यांदा लावला आणि उर्सुलाच्या झोपडीतल्या चित्रावर थांबवला. निळ्या रात्रीत उडणारी जनावरं, मधे मुलीचा चेहरा. ‘हे खरं कोणी काढलंय?’ मी शोधून ठेवलं होतं, सांगितलं. जपानमध्ये हाचिनोहे म्हणून गाव आहे, तिथल्या एका शाळेत ज्यांना शिकायला थोडा वेळ लागतो अशा मुलांचा वर्ग होता. १९७६ च्या सुमारास त्या मुलांनी मिळून लाकडावर कोरून एक मोठं चित्र केलं, ‘इंद्रधनुष्यावरून उडणारं जहाज’. त्याच्यावरून हे चित्र केलंय.

‘सगळ्यांनी मिळून?’

‘हो.’

‘मग ग्रेड कोणाला मिळाली?’

मी म्हटलं, मिळून काढलेल्या चित्राला ग्रेड कशी देणार? चिऊ बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आजोबा, तुमच्या त्या गाडीत कपाट कसं होतं? आडवे खण किती, उभे किती?’

मी सांगायला लागलो. कपाट, वरचा दिवा, हलणाऱ्या पिशव्या, दारातून येणारा पाऊस. तिने माझ्या समोरचं विजेचं बिल पाठीवर उलटं केलं होतं आणि तिच्या हातात पेन्सिल होती. कशाला, ते मी विचारलं नाही. असं विचारल्यावर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.